गालावरची तीट

"तेवढी तीट पुसू नको गो," चित्र जुन्या धोतरात गुंडाळता गुंडाळता बाईजाकाकू म्हणाली होती.

भूमिका हसली होती. "काकू, चित्राला कोणाची नजर लागतेय?"

"नजरेसाठी नाय लावली. ती बसलीय ना, बसू दे."

धसईच्या घराची कौलं उतरवायची होती, म्हणून काकूने ते चित्र थोडे दिवस भूमिकाकडे सोपवलं. काकूचे यजमान देवजी मास्तर भूमिकाला शाळेत चित्रकला शिकवायचे. आता ते हयात नव्हते. भूमिका बी.ए. होऊन, लग्न करून भातसानगरच्या कॉलनीत आली होती. नवरा शेखर धरणावर नोकरीला, आणि घरात नुकती दुडुदुडू चालायला लागलेली अपेक्षा. सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकती सरली होती.

चित्र तिने पुढच्या खोलीत, मावळतीच्या खिडकीसमोर टांगलं. मास्तरांचं खळं, कलती दुपार. बांबूच्या तट्टीवर भात वाळत घातलेलं. तरणी बाईजाकाकू पदर खोचून भातातून पाय ओढत चाललेली, भात वरखाली व्हावं म्हणून. आणि तट्टीच्या कडेला पिवळ्या फ्रॉकमधली लहानी, दोन्ही हात मांडीत घेऊन बसलेली. मास्तरांची एकुलती एक लेक. चित्र पुरं झालं त्याच साली तापाने गेली.

सगळं चित्र ठिपक्यांचं. जवळ गेलं की नुसते शेंदरी, पिवळे, पोपटी ठिपके. जरा मागे सरलं की ऊन अंगावर यायचं. मास्तरांनी कुठल्याशा परदेशी चित्राची छापील प्रत पाहिली आणि तेव्हापासून वर्गातल्या काळ्या रंगाच्या बाटल्या कपाटात बंद करून टाकल्या. "सावलीत काळं कुठं दिसतं तुमाला? डोळं उघडून बघा. जांभळं हाय!" मग सगळा वर्ग मैदानात वाकून आपापली सावली बघत बसायचा. चित्रासमोर उभं राहिलं की भूमिकाला ते मैदान आठवायचं, चिंचेखालच्या माठातलं गार पाणी आठवायचं.

म्हणूनच लहानीच्या गालावरचा तो काळा ठिपका तिला खुपत होता. मास्तरांनी काळं लावलंच नसतं. हे काकूचं काजळ. एका दुपारी तिने रॉकेलचा बोळा घेऊन तो अलगद टिपला. खाली कोवळा गुलाबी गाल निघाला.

"बघा मास्तर," ती मोठ्याने म्हणालीसुद्धा.

त्या आठवड्यात अपेक्षाच्या पायांना तूस चिकटलेलं दिसू लागलं. कॉलनीत भात कुठलं?

"पोरगी मळणीला जाते काय गो कोणाच्या?" शेखर तिचे तळवे झाडत हसला. "मजुरी आणतेस का गो बायो?"

मग दिवाळीचा लाल फ्रॉक विटायला लागला. आधी शेंदरी झाला, मग पिवळट. भूमिकाने शहापूरच्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"ताई, बरी हाय ना ही?" शेजारची समीक्षा एकदा म्हणाली. "फिकी दिसते."

डॉक्टरांनी टॉनिक दिलं. भूमिका पोरीवरची नजर हलवेना. न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना ती तिला निरखत राहायची. अशीच निरखत असताना तिला अंगणातली सावली दिसली. बादलीची सावली काळी, समीक्षाची काळी, तुळशीची काळी. अपेक्षाची जांभळी. कडांना बारीक बारीक ठिपके.

ती धावत आत आली. चित्रातल्या लहानीचा एक हात मांडीत नव्हता. तो तट्टीवर टेकलेला होता. पोरं उठताना टेकतात, तसा.

भूमिकाने चित्र उतरवायला हात घातला. लाकडी चौकट उन्हात ठेवल्यासारखी तापली होती.

खिडकीतून ऊन आलं. ते भिंतीपाशी थांबलं नाही. खोलीभर वाळत्या भाताचा वास सुटला.

मागून अपेक्षा येऊन चित्राखाली उभी राहिली. तिच्या फ्रॉकमधून मागच्या भिंतीचा चुना दिसत होता.

चित्रातली पोर उभी होती.

भूमिकाने काजळाची डबी ओढली. डोळ्यांत पाणी, सगळे रंग एकमेकांत मिसळलेले. तिने चाचपून त्या गालावर बोट टेकवलं.

गाल उबदार होता.

वास गेला. तिने वळून पाहिलं. अपेक्षा उभी होती, गुबगुबीत, गालांवर लाली, अंगात पिवळा फ्रॉक. भूमिकाने तिला उचलून छातीशी धरलं आणि चित्राकडे न बघता ते धोतरात गुंडाळलं.

धसईला काकूने ते नव्या भिंतीवर लावलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"पुसलीस ना गो?"

"परत लावली, काकू."

"हां. पण कवा लावलीस?"

तेवढ्यात पोर भूमिकाच्या कडेवरून सरकली आणि तडक खळ्यात गेली. तिथे भात वाळत होतं. पोर त्यातून पाय ओढत चालू लागली, सावकाश, कडेकडेने, वळून पुन्हा. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

काकूने तोंडाला पदर लावला. मग हळूच हाक मारली, "लहाने..."

पोरीने मान वळवली.

"अधनंमधनं आणत जा हिला," काकू म्हणाली.

याला बरीच वर्षं झाली. मुलगी आता हायस्कूलला जाते, हुशार आहे, आईवर गेली म्हणतात. तिची सावली चारचौघांसारखी काळी पडते. ताप आला की भूमिका रात्रभर तिच्या उशाशी बसते. चित्रासमोर जायचं धैर्य मात्र तिला होत नाही. तिकडे जाणारं कोणी भेटलं की ती एकच गोष्ट मागते. तुम्हीही तेवढं करा.

धसईच्या बाजारात मास्तरांचं घर कोणीही दाखवेल. दुपारी जा, ऊन कलल्यावर. तट्टीच्या कडेला लाल फ्रॉकमधली पोर बसलीय. तिच्या गालावरची तीट पुसू नका, आता घरात वाढलेली पोरही भूमिकाचीच आहे.

फक्त ती रडत नाही ना, एवढं बघून या.