मागं कुणी हाय का?

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण घडली ती माझ्या सख्ख्या मामाच्या, सोपानमामाच्या बाबतीत. आणि मामा असा माणूस, की अंगात आलेल्या बाईलाही विचारील, "चहा घेणार का?"

जागा पिंपरी पेंढारच्या अलीकडची. एसटी फाट्यावर सोडते. तिथून मामाच्या वस्तीकडं कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. मध्येच एक वळण, आणि वळणावर दिव्याचा खांब.

गोष्ट गेल्या मार्गशीर्षातली.

आमच्याकडं उसात बिबट्या असतो. म्हणून त्या एका दिव्यावर सगळ्या वस्तीचा जीव.

खांबाला लोखंडी पेटी होती, पेटीत खटका. तो खटका दाबायचं काम प्रयागबाई नावाची म्हातारी करायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच अंगावर घेतलेलं. दिवेलागणीला यायची, खटका दाबायची, दिव्याला हात जोडायची आणि खांबाखाली बसून राहायची. फाट्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची.

"मागं कुणी हाय का रं?"

'हाय' म्हटलं की ती हलायची नाही. शेवटच्या माणसानं सांगायचं, "मागं कुणी न्हाई!" मग ती खटका बंद करायची आणि घरी जायची. फुकट दिवा जळलेला तिला खपत नसे.

वस्तीतल्या लहानथोरांच्या जिभेला हे इतकं बसलं होतं, की विचारायच्या आत उत्तर तोंडात तयार.

मग खांबावर सोलरचा दिवा आला.

नियम असा निघाला, की ज्या खांबावर सोलर त्याची वीज तोडायची. वायरमन आला, तार कापून, खटका काढून घेऊन गेला. पेटी तेवढी रिकामी लटकत राहिली. दिवा आपोआप लागायला लागला. प्रयागबाई तरी येऊन बसायचीच.

आश्विनात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

दिवाळीनंतर सोलरही गेला, आणि अंधार पडल्यावर तिथून पायी कुणी जाईना.

मामाची मुलगी तेजस्विनी ओतूरच्या कॉलेजात शिकते. थंडीच्या दिवसांत ती फाट्यावर उतरेपर्यंत अंधारून येतं. मामा रोज मोटरसायकल घेऊन तिला आणायला जायचा. पण रोज किती दिवस जाणार? मामानं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली.

ग्रामपंचायत म्हणाली, "सोलर वरून आलाय, आमच्याकडं न्हाई."

वीज ऑफिस म्हणालं, "सोलरच्या खांबाला कनेक्शन देता येत नाही."

"मग सोलर काढा की, राव!"

"तो काढायचा अधिकार आमचा नाही."

सोलरवाल्या कंपनीचा फोन 'एक दाबा, दोन दाबा' करायचा आणि कट व्हायचा. मामाच्या डोक्याची पार मंडई झाली. घरात येऊन तो भिंतीशी भांडायचा.

शेवटी मोबाईलवर मेसेज आला. आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

आणि वळणावर काळाकुट्ट अंधार!

मामा तणतणत तालुक्याच्या ऑफिसात गेला. तिथल्या साहेबांनी त्यालाच झापलं.

"मी स्वतः फाट्यावर गाडी लावून चालत गेलो होतो. दिवा लख्ख चालू होता."

"कसा असंल साहेब? दिवाळीपास्नं बंद हाय त्यो!"

"अहो, खाली एक आजी बसल्या होत्या. त्यांनाच विचारा..."

"कंची आजी?" मामानं विचारलं.

"मला म्हणाल्या, मागं कुणी आहे का?"

मामाला वाटलं, कुणीतरी साहेबाला वस्तीची माहिती दिली असणार आणि हा घरबसल्या थापा मारतोय. संतापानं लाल होऊन तो बाहेर पडला. मोटरसायकल पंक्चर होऊन घरीच पडली होती, म्हणून परत आला तो एसटीनं. तेजस्विनी आज दुपारीच येणार असं मामी सकाळी म्हणाली होती. त्यामुळं तिची काळजी नव्हती.

फाट्यावर तो एकटाच उतरला. अंधार पडला होता. साहेबाला शिव्या देत तो चालू लागला.

वळण आलं...

दिवा चालू होता.

मामा थबकला. आधी त्याला रागच आला. एवढे हेलपाटे घातले तेव्हा नाही, आणि आज बरा लागला! आतापर्यंत तो इथून मोटरसायकलवरच गेला होता. पायी असा आजच आला होता.

खांबाखाली कुणी नव्हतं. रातकिडे एकदम बंद झाले होते. उसाचं पानही हलत नव्हतं.

आणि अगदी कानाजवळून...

"मागं कुणी हाय का रं?"

मामाच्या डोक्यात अजून ऑफिसच होतं. जीभ आपोआप बोलून गेली.

"मागं कुणी न्हाई!"

खट्ट.

दिवा गेला.

आता मात्र मामाच्या अंगावर काटा आला. त्यानं मोबाईलची बॅटरी पेटीवर मारली. आत ना तार, ना खटका. मग मामा जो पळाला, तो थेट अंगणात.

मामी दारातच उभी होती. "तेजू कुठंय?"

"म्हंजी?"

"आत्ताच फोन आला तिचा. कॉलेजात कार्यक्रम व्हता, उशीर झाला. फाट्यावर उतरली म्हनली. तुमी न्हाई भेटला?"

मामानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मागं कुणी नाही!

काठी घेऊन तो उलटा धावला. वळणावर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"तेजू!"

पलीकडून हळूच तेजूचा आवाज आला. "तात्या... पुढं येऊ नका... त्यो माझ्या मागं हाय..."

उसाच्या कडेला काहीतरी गुरगुरलं.

मामा सांगतो, त्या क्षणी त्याला देव आठवला नाही. तो खांबाकडं बघून जिवाच्या आकांतानं ओरडला.

"प्रयागमावशे! चुकलो! पोरगी हाय गं मागं! हाय मागं!"

खट्ट.

लख्ख उजेड पडला. तेजस्विनी रस्त्याच्या मधोमध, दगड झाल्यासारखी उभी. तिच्या मागं थोड्या अंतरावर बिबट्या. पण तो तिच्याकडं बघत नव्हता. तो बघत होता त्याच्या आणि तिच्या मधल्या मोकळ्या जागेकडं.

मग तो मागं सरला आणि उसात शिरला.

सकाळी सगळी वस्ती बघायला गेली. फुफाट्यात तेजस्विनीच्या चपलांचे ठसे होते. लांब मागं बिबट्याचे. आणि मध्ये... अनवाणी, बारकी, म्हातारीची पावलं. खांबापासून निघालेली, खांबापाशीच संपलेली.

मामा पुन्हा ऑफिसात गेला. दिवा दुरुस्त करा म्हणून हात जोडले. उत्तर तेच. "दिवा चालू आहे. तक्रार बंद झाली."

मग मामानंच तोड काढली. वस्तीतली सगळी माणसं घरी आली, की तो रोज खांबापाशी जातो. कुणी दिसत नाही, पण प्रश्न येतोच. पुन्हा कुणी मागं राहून गेलं तर, म्हणून मामा खोटं सांगतो.

"हाय मावशे. हाय मागं अजून."

दिवा पहाटेपर्यंत जळतो. जुनं उत्तर आता वस्तीत कुणी तोंडातूनसुद्धा काढत नाही.

सगळं ठीक चाललं होतं.

गेल्या आठवड्यात मामानं नेहमीसारखं सांगितलं, "हाय मागं अजून." घराघरांत विचारून आला होता. सगळी जेवायला बसलेली. फाट्याकडच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आणि त्या अंधारातून कुणीतरी म्हणालं...

"व्हय... आलो, आलो."

आवाज वस्तीतल्या कुणाचा नव्हता.

तेव्हापासून तो आवाज रोज येतो. 'कुणी नाही' म्हणावं तर दिवा जाणार. 'आहे' म्हणावं तर तो उत्तर देणार. काल मी फोन केला, तर मामा रडकुंडीला आला होता.

"दिवा चालू हाय, राव. आता तक्रार तरी कशाची करू?"

मग आवाज बारीक करून म्हणाला,

"काल त्यो वळणाच्या अलीकडनं, वस्तीच्या बाजूनं बोलला."