न उजळणारी नळी

सगळं बरोबर करूनही एखादी गोष्ट होत नसेल, तर चूक शोधायची कुठे? हा प्रश्न शाल्मलीच्या आबांना पडला होता, आणि तो इतका जुना होता की घरात सगळ्यांना पाठ झाला होता.

आबा म्हणजे डॉ. मनोहर सरंजामे, जीवरसायनशास्त्रज्ञ (सजीवांच्या शरीरातली रसायनं काय काय उद्योग करतात ते पाहणारे). यंदा ते नातीला परिषदेला घेऊन आले होते. परिषद भरली होती सह्याद्रीच्या वर, ढगांत तरंगणाऱ्या एका अवाढव्य फुग्याच्या पोटात. पायांखालच्या काचेतून ढग संथ सरकत होते, आणि शाल्मलीला आपणच कुठेतरी वाहत चाललोय असं वाटत होतं. सभोवार भित्तिपत्रकं (संशोधन मांडलेले मोठाले कागद) आणि प्रत्येकाशेजारी एक शास्त्रज्ञ उभा. कुणीही यावं, काहीही विचारावं, हा इथला रिवाज.

आबांकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं. खोल समुद्रातल्या एका जीवाचा उजेड झाडांच्या पानांत आणायचा, म्हणजे रस्त्याकडेची झाडंच दिवे होतील, असं त्यांचं स्वप्न. पण परीक्षानळीत उजेड पडेल तर शपथ.

"आज संध्याकाळच्या बैठकीत मी सांगून टाकणार," आबा म्हणाले, "हा प्रकल्प बंद करा."

"पण आबा, तुम्ही तर मी रांगत होते तेव्हापासून…"

"म्हणूनच गं. किती दिवस लोकांना आशेवर ठेवायचं?"

शाल्मलीला रडू येईल असं वाटलं. ती टिकलीकडे वळली. टिकली म्हणजे परिषदेतला वाटोळा, भारी बोलका यंत्रमानव. पोटात छोटी प्रयोगशाळा आणि डोक्यावर चहाचा ट्रे.

"उजेड पडतो कसा, ते तरी सांग."

"एक प्रकाशद्रव्य असतं. ते प्राणवायूशी जुळलं की उजेड पडतो," टिकली म्हणाली. "जुळवून देतं ते विकर (रासायनिक क्रिया भराभर घडवणारं प्रथिन). प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या मण्यांची लांब माळ. पण नुसती माळ कामाची नाही. तिला ठरावीक घड्या पडाव्या लागतात."

"मोदकाच्या कळ्यांसारख्या?"

"अगदी. कळ्या नाही पडल्या तर मोदक कुठला, उकडीचा गोळा."

आबा ही माळ जिवाणूंकडून विणून घेत, आणि त्यांच्या नळीत तसेच गोळे होत होते. माळ बरोबर, मणी बरोबर, घडी चुकलेली.

तेवढ्यात शेजारच्या पत्रकाजवळच्या डॉ. वांजिरू चहा घ्यायला आल्या. त्या केनियाच्या, टिकली त्यांचं बोलणं मराठीत सांगत होती. आबांच्या पत्रकावरचा गोळ्यांचा फोटो पाहून त्या हसल्या. "माझंही असंच व्हायचं. मग एकदा आमचा इनक्युबेटर (जिवाणू उबेत वाढवायची पेटी) बिघडला. आतले जिवाणू गारठले, आणि प्रथिन छान घडलं."

"हे तुमच्या पत्रकावर कुठे दिसत नाही," आबा म्हणाले.

"बिघाडाची गोष्ट चारचौघांत कशी लावायची? ती चहाबरोबरच सांगायची."

शाल्मलीला हे मोठ्या माणसांचं वागणं अजबच वाटलं. एवढ्या लांबून यायचं आणि कामाची गोष्ट कागदावर लिहायची नाही म्हणजे काय? तिने तसं बोलूनही दाखवलं. दोघंही शास्त्रज्ञ जरा ओशाळले.

आबा विचारात पडले. "जिवाणूंना ऊब आवडते, म्हणून मी ऊब देत राहिलो. उबेत ते माळा घाईघाईने विणतात. घडी पडायच्या आधीच अर्धवट माळा एकमेकींना चिकटतात. आणि हे प्रथिन तर थंडगार समुद्रातलं. मी जिवाणूंचे लाड केले, प्रथिनाचा विचारच केला नाही."

टिकलीने पोटातली प्रयोगशाळा गार केली आणि आबांनी सोबत आणलेल्या जिवाणूंना प्रथिनाची माळ सावकाश विणायला लावली. तिघं काचेवर बसून खालचे ढग बघत राहिले. दुपार कलली तेव्हा टिकलीने नळीत प्रकाशद्रव्य टाकलं आणि ती आबांच्या हातात दिली.

पण दालनात लख्ख ऊन. काही दिसेना. शाल्मलीने आबांना हाताला धरून, खाली काच नव्हती अशा एका टेबलाखाली ओढलं, वांजिरूबाईही वाकून आत शिरल्या, आणि टेबलावरची चादर खाली सोडली.

अंधारात नळी निळसर उजळली होती. मंद, पण खरोखर. तिच्या उजेडात शाल्मलीला आबांचे भिजलेले डोळे दिसले.

"आबा, झाडं कधी उजळणार?"

"आधी एक पान उजळू दे," आबा म्हणाले. "वांजिरूबाईंची मदत लागेल. तुझीही लागेल."

बाहेरून कुणीतरी चादर किंचित उचलली. "डॉ. सरंजामे आत आहेत का? संध्याकाळच्या बैठकीला ते काय बोलणार आहेत?"

"या, आत या," आबा सरकून जागा करत म्हणाले, "आणि ती चादर खाली सोडा."