दोघांची फुंकर

श्वासपट आल्यापासून पेणच्या दवाखान्यात सुया दिसेनाशा झाल्या होत्या. नळीत एकदा फुंकायचं. श्वासाबरोबर फुप्फुसाचे जे बारीक कण येतात, त्यांवरून यंत्र माणसाची सगळी जनुकं वाचतं. प्रमिला म्हात्रेनं फुंकलं आणि पंचेचाळिशीपर्यंत न सुटलेलं खोकल्याचं कोडं सुटलं. सिस्टिक फायब्रोसिस. फुप्फुसातला कफ चिकट करणारा जन्मजात आजार.

निदानाला उशीर होण्याचं कारण साधं होतं. या आजारात लेकराचा घाम फार खारट असतो. दुसऱ्या कुठल्याही गावात पापी घेताना आईच्या ते लक्षात आलं असतं. पण म्हात्रे पडले मिठागरावरचे. तिथं सगळ्यांचीच पोरं खारट लागायची.

प्रमिला मात्र हरखली. तिचा धाकटा भाऊ तान्हेपणीच धाप लागून गेला होता. बापानं त्याला मिठागरावर वाऱ्यात नेलं म्हणून गेला, असं तिची आई पोसुबाई जन्मभर ऐकवत आली आणि हिराजी, तिचा बाप, मुकाट्यानं ऐकत आला. आता म्हाताऱ्याची सुटका होणार होती.

दवाखान्यातल्या डॉ. नौशीन मुकादमांनी हिराजीला समजावलं. सदोष जनुक आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. मुलगाही त्यानंच गेला असणार. आता प्रमिलाचं औषध बेतायला दोघांचेही श्वास लागतील.

हिराजी म्हणाला, "म्हातारीला नका सांगू. दोष माझा एकल्याचाच, असं बोलीन मी."

"काका, तुमचा वाटा अर्धाच आहे. आणि वाऱ्याचा तर काहीच संबंध नाही."

"मना सवय हाय. ती या वयात कुठं नवीन शिकणार?"

त्यानं बायकोला सांगितलं, तुझा श्वास निरोगी आहे, तो पोरीसाठी हवाय. पोसुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तिनं ऐटीत फुंकलं. जाताना नवऱ्याला म्हणाली, "बगा, माझा दम चांगला म्हनून पोर वाचली."

"हो," हिराजी म्हणाला आणि तिचा हात धरून पायऱ्या उतरला. प्रमिलाला बापाचा राग आला, आणि त्याहून जास्त माया.

औषध लागू पडलं. पुढे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा श्वासपट काढायचा कायदा झाला. कुठला दोष कुणाकडून आला, ते नावासकट आईबापांच्या फोनवर येतं. डॉक्टर मुकादमांकडे आता उशिरा सापडलेले रुग्ण येत नाहीत. तरुण जोडपी येतात, बाळाला मधे घेऊन, एकमेकांकडे न बघता बसतात. दोष सगळा माझाच, असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलं, तरी दुसऱ्याला ते खरं वाटत नाही.