दुसऱ्या भागाचा दुसरा भाग

पान १

एका बसमध्ये दोन लांडगे.

एक माझ्या मांडीवर, एक त्याच्या. तोच निळा चंद्र, तेच पिवळे डोळे, तोच उघडा जबडा. रिसोड–वाशीम गाडी, सकाळचे पावणेआठ. मी बी.एड.च्या वर्गाला निघालेली. तो... कुठे निघालाय, ते अजून माहीत नव्हतं.

मी वाकून त्याचा पान-नंबर पाहिला. पाचशे नव्वद.

माझं पुस्तक चारशे बारावर संपत होतं.

"तुमचा लांडगा माह्या लांडग्यापेक्षा मोठा कसा?"

त्याने आधी माझं मुखपृष्ठ पाहिलं. मग मला.

"माहं तर चारशे तेरापासूनच सुरू होते. मले वाटलं, नवीन पद्धत असंन."

मग उलगडलं. आठशे चोवीस पानांचं धूड वाचनालयाच्या बाइंडरने मधोमध कापून दोन पुस्तकं केली होती आणि दोन्हींवर एकच चित्र डकवलं होतं. मी 'भाग दुसरा' मागितला, मला त्याचं पहिलं अर्धं मिळालं. त्याने 'दुसरा भाग' मागितला, त्याला दुसऱ्या भागाचा दुसरा भाग.

"पहिला भाग तरी वाचला काय?"

"नाई."

"मंग समजते काय?"

"एवढं समजते, का एक माणूस लांडगा होते, अन् त्याची सासू तरीबी त्याले भेत नाई."

मी हसले. बसमध्ये. मोठ्याने.

पान ९६

मी मंजुषा. त्याचं नाव राजपाल. मंगरूळपीरचा. रिसोडला मामाकडे राहून वाशीमला वीज कंपनीत शिकाऊ.

करार असा: मी त्याला मागचं सांगायचं. त्याने मला पुढचं – एक शब्दही नाही.

पाच कळप, सत्तावीस लांडगे, आणि नावं अशी की जीभ मुरगळावी. म्हणून आम्ही बारसं केलं. कळपाचा म्होरक्या पुंजाजी. त्याची सासू गोजराबाई.

"पुंजाजी मरते काय शेवटी?"

"करार."

"नुसती मान हलवा."

त्याने मान हलवली. गोल. नंदीबैलासारखी.

पान २३१

"बरं, पुंजाजीनं आपल्या बायकोले ओळखलं कसं?" हे राजपालच्या अर्ध्यात नव्हतं. तिथे त्यांची जोडी जमलेलीच होती.

"वासावरून. शंभर माणसांत उभी होती अन् याले एकटीचाच वास आला. नेमलेली जोडी म्हणते त्याले."

"कशाचा वास?"

"ओल्या देवदाराचा."

"तो कसा असते?"

"काय माहीत. आपल्याकडं बाभूळ हाय."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच –

"तुमच्या हाताले हळदीचा वास येते."

"येईनच ना. सीझन हाय."

"हो..." माझ्या पिवळ्या नखांकडे बघत तो म्हणाला, "सीझन तर हाय."

आणि त्याने पुस्तकात तोंड खुपसलं. का? मी वाशीमपर्यंत विचार केला. वर्गातही केला.

पान ४१०

खरं सांगते. मी मुद्दाम हळू वाचत होते. आठ दिवस याच पानावर. चारशे बारा संपलं की पुस्तकांची अदलाबदल, आणि ती झाली की बोलायला निमित्त काय उरणार? एकदा त्याने आपणहून काही म्हणावं... त्यासाठी मी दोन पानं राखून ठेवली होती.

"उद्या नाई येत मी," मी सांगितलं. "घरी हळद हाय."

तो सरळ बसला. "उद्याच?"

"हो ना. ढोलवाल्याची तारीखच भेटत नव्हती."

"लोक... लय येतीन?"

"बारा-पंधरा बाया. अन् घरचे."

"तुमी खुश हाय?"

"खुश काय! एकदाची उरकली का सुटलो."

त्याने पुस्तक मिटलं. माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे ठेवा. पुढं तुमाले वेळ नाई भेटणार."

आणि वाशीमच्या स्टँडवर उतरून गेला. मागे न बघता.

आता पुढची सगळी पानं माझ्या हातात होती. मी एकही उघडलं नाही. पुंजाजी जगो की मरो... हा का गेला?

पान नाही

आमच्या खळ्यात ढोल घरघरत होता. भलामोठा लोखंडी ढोल. त्यात वाळलेली हळद फिरते, साल निघते, कांडी चकाकते. हवा पिवळी. बाया पिवळ्या. नाकाला फडकं बांधलेली मी – भुवयांसकट पिवळी.

आणि फाटकात राजपाल, घर विचारत विचारत आलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात चकचकीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी गोल.

माझी आई, रुपाबाई, पुढे झाली. "कोण रे बाबा तू? पांढरा शर्ट घालून हळदीत येते काय कोणी?"

"मी... मंजुषाच्या हळदीले आलो."

"मंजुषाची कायले? माही हाय हे हळद. चार एकर!"

त्याने ढोल पाहिला. पोती पाहिली. मग मी सापडले.

"लगन नाई?"

"कोणाचं?"

"तुमचं!"

मला सगळं एका दमात कळलं – सीझन, ढोल, तारीख, पंधरा बाया. अरे देवा.

"आमच्याकडं मंगरूळले तूर, सोयाबीन," तो कळवळून म्हणाला. "हळद म्हंजे लगनाचीच!"

"अन् हातात काय हाय?"

"घड्याळ. भिंतीवरचं. रिकाम्या हातानं कसा येऊ?"

"पण आले काहून?"

"काय?" ढोलामुळे ऐकू जात नव्हतं.

"आले काहून, म्हणलं!"

"पाहाले आलो! कोण हाय तो!"

"अन् पाहून काय करणार होते?"

शर्टावर पिवळी धूळ बसत होती, ती झटकायचंही त्याला सुचेना.

"काही नाई. घड्याळ देऊन निंघून गेलो असतो. मंग... मंग वाशीमची दुसरी गाडी धरली असती रोज. तुह्या बाजूची जागा खाली पाहाले नसतं जमलं मले."

तुह्या. तुमच्या नव्हे.

मी नाकावरचं फडकं खाली ओढलं.

"दोन पानं वाचाले आठ दिवस लागते काय कोणाले?" मी ओरडले. "कायच्यासाठी थांबली होती मी? पुंजाजीसाठी?"

पंधरा बायांचे हात थांबले. ढोल मात्र फिरत होता. राजपाल हसू लागला, मग मी, मग धूळ तोंडात गेली आणि दोघेही खोकत सुटलो.

आईने शांतपणे त्याच्या हातून घड्याळ घेतलं, पदराने पुसलं, उलटंपालटं करून पाहिलं.

"आहेर तं आधीच आला," ती म्हणाली. "बोलणीले माणसं कवा पाठवतं?"