रिकाम्या चौकातली टाळी

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या लायब्ररीत माया अवशेषांवरचं गाइडबुक एकच होतं, आणि ते नेमकं त्याच्या हातात होतं.

"तुम्ही कधी जाताय?" मी विचारलं. मराठीतच, कारण तो फोनवर "हो आई, जेवलो गं" म्हणत होता.

"मी? कुठेच नाही. व्हिसाचा स्टॅम्प एक्स्पायर झालाय. देशाबाहेर गेलो की आधी वकिलातीत नवं स्टॅम्पिंग, मगच परत. पुस्तक मात्र तिसऱ्यांदा रिन्यू करतोय."

"माझं शनिवारचं बेलीझचं तिकीट आहे."

त्याने पुस्तक पुढे केलं, पण सोडलं नाही. "एक कॉफी घ्या. गर्दी कुठे नसते ते सांगतो."

ईशान नागपूरचा, कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत इंजिनिअर. चार वर्षांत देशाबाहेर गेला नव्हता, पण इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांच्या ट्रिपा यानेच आखलेल्या. आठवडाभर रोज कॉफी झाली. गाइडबुकात एवढी पानं नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

शुक्रवारी तो म्हणाला, "नेत्रा, मार्चमध्ये स्टॅम्पिंगला इंडियाला जावंच लागेल. अडकलो तर महिनोन्‌महिने... म्हणून मी काही सुरू करत नाही यार."

"काय सुरू करत नाहीस?"

त्याचे कान लाल झाले. "तिथल्या पिरॅमिडसमोरच्या चौकात टाळी वाजव. पायऱ्यांवरून आवाज परत येतो म्हणे. रेकॉर्ड करून पाठव."

मला रागच आला. इतका घाबरट माणूस, आणि तोच मला आवडावा!

सोमवारी सकाळी आठला त्या अवशेषांपाशी तिकीटवाले काका आणि एक भला मोठा सरडा, एवढेच. गवत ओलं होतं. मी चौकात उभी राहिले, फोन सुरू केला आणि टाळी वाजवली.

परतले तेव्हा तो फीनिक्सच्या एअरपोर्टवर घ्यायला आला होता.

"पाठवलं नाहीस?"

"तुझा चेहरा बघायचा होता."

गाडीत बसून मी ऐकवलं. टाळी... आणि परत टाळी. मग माझा आवाज – "ईशान!" पायऱ्यांनीही जरा उशिरा तेच म्हटलं.

"बंद करायला... विसरलीस?"

"अजिबात नाही. तिथे कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हणायचा धीर झाला. मला तू आवडतोस. मार्चमध्ये अडकलास तर मी तिकडे येईन. माझा स्टॅम्प नवा आहे."

मग त्याने आईला फोन लावला.

"आई, मार्चमध्ये आम्ही दोघं येतोय... कोण ते सांगतो गं. नाही, अजून जेवलो नाही."