काटा अर्ध्यावरच

रविवारची जेवणं लवकर उरकून मयूर काळाचौकीच्या आपल्या चाळीमागच्या पटांगणात उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यात एकच काम होतं. बाबांची जुनी गाडी चालू करायची आणि दिवसाउजेडी रे रोडला नव्या मालकाच्या स्वाधीन करायची.

बाबांनी, म्हणजे दौलतरावांनी, सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात काढलं आणि म्हातारपणी हौसेने ही जुनी गाडी घेतली; संध्याकाळी विडी ओढत ते तिच्यातच बसायचे. गेल्या पावसाळ्यात ती बंद पडली, आणि चारच दिवसांत ते हॉस्पिटलात वारले. तेव्हापासून गाडी जी रुसली ती रुसलीच. बॅटरी बदलली, प्लग बदलले, पण ती नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. आई, सुभद्रा, रोज दिवेलागणीला दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून वाकून त्या गाडीशी पुटपुटायची. चाळीतली माणसं तोंडावर काही बोलत नसत, पण पाठीमागे हसत. मयूरच्या बायकोचे, अपेक्षाचे, दिवस भरत आले होते. घरात बाळ यायच्या आत आई भानावर यायला हवी आणि त्यासाठी ही गाडी डोळ्यांसमोरून जायला हवी, असं मयूरच्या मनाने घेतलं होतं. विकायला आईची ना नव्हती, पण अट होती.

"चालू झाली तर खुशाल ने. टोचन लावून नाय न्यायची, मढं ओढल्यासारखी."

ही अट ऐकल्यापासून मयूरच्या मनात पाल चुकचुकत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. आई कुणाकडून तरी रात्री पेट्रोल काढून घेत असेल, किंवा एखादी वायर सैल करवत असेल. स्वतःच्या आईवर असा संशय घ्यायची त्याला लाज वाटत होती, पण संशय जात नव्हता.

म्हणून त्याने वैभवला बोलावलं. वैभव शाळेपासूनचा दोस्त, घोडपदेवला त्याचं गॅरेज. मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे मयूरच्या घरच्या मालवणीची नक्कल करून त्याला पिडणं हा तो आपला हक्कच समजायचा.

"ठिणगी बरोबर पडतेय," बॉनेटखालून डोकं काढत वैभव म्हणाला. "पेट्रोल जोरात येत नाय. प्रेशर कमी आहे, बघ आता."

इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या पाइपाला त्याने प्रेशरचा मीटर जोडला, मीटर वायपरखाली अडकवून काचेवर ठेवला आणि स्वतः पुढे बसला. मयूरला त्याने मागे बसवलं.

"टाकीतला पंप तुझ्या सीटखाली आहे. चावी फिरवली की जरासा घुमतो आणि थांबतो. कान लाव. आवाज आला की बोल." त्याने चावी फिरवली. "आला?"

सीटखाली बारीक घूंघूं झाली. "आला."

मीटरचा काटा चढला, अर्ध्यावर थबकला आणि हळूहळू खाली बसला.

वैभवने फिल्टर बदलला. काटा अर्ध्यावरच. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप पकडीने दाबून पाहिला. काटा हलला नाही. मग मागची सीट उचलून त्याने टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोलचा वास भपकन पटांगणात पसरला. नवा पंप बसला. टाकी काठोकाठ भरलेली.

"आला?"

"आला."

काटा अर्ध्यावर.

वैभवने हात पुसत काट्याकडे पाहिलं. भर दुपारची वेळ. मासळीचं जेवण जेवून चाळ झोपली होती, कुठे रेडिओसुद्धा वाजत नव्हता.

"सगळं नवीन आहे रे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मग जोर जातो कुठे? कोणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतंय."

मयूरने वर पाहिलं. गॅलरीत आई उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याला रागही आला.

"पंपाला करंट पुरा पोचतो का ते मागून बघतो," वैभव म्हणाला. "तू पुढे बस. मला विचारल्याशिवाय सेल्फ मारू नको."

मयूर पुढे बसला. मागे वैभवची खुडबुड ऐकू येत होती. मग ती थांबली. तो तयार झाला असेल असं समजून मयूरने चावी फिरवली.

"आला?"

उत्तर नाही.

"आला?"

पेट्रोलच्या वासात आता विडीचा वास मिसळला होता. वैभव विडी ओढत नाही, हे मयूरला ठाऊक होतं. तरी तो वैतागून ओरडला, "अरे, आला का?"

"इलंय..."

आवाज अगदी कानामागून आला. खोल, दमलेला. वैभ्याची मस्करी, दुसरं काय! आपल्या मालवणीतलं 'आलोय' त्याला बरोबर जमलं होतं. मयूर हसला, पण तेवढ्यात समोरचा काटा हलला. अर्धा ओलांडून तो सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. मयूरने सेल्फ मारला. इंजिन एका फटक्यात लागलं.

"वैभ्या, लागली बघ!"

वैभव चाळीच्या कोपऱ्यावरून धावत येत होता. हातात करंट मोजायचं यंत्र होतं.

"हे स्कूटरच्या डिकीत राहिलं होतं... तू सुरू कशी केलीस? एकट्याने?"

मयूरने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्याने चावी काढली, इंजिन बंद पडलं आणि तो जिना चढत सुटला.

आई गॅलरीतल्या खुर्चीत बसली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. अपेक्षा तिला पाणी पाजत होती.

"आई, खरं सांग. तूच काहीतरी करत होतीस ना गाडीला?"

"मी हात नाय लावला रे बाबा. नुसतं सांगत होते." तिला धाप लागली होती. "हॉस्पिटलात जाताना हे बोलले होते... गाडी चालू झाली की तुला न्यायला येतो. म्हणून रोज इथून सांगायचे. इतक्यात नको. नातवंडाचं तोंड बघू दे. ऐकत होते रे. अर्ध्यावर थांबत होते."

मयूरने खाली गाडीकडे पाहिलं.

"तू तीनदा बोलावलंस," आई म्हणाली. "पोटच्या पोराने बोलावलं. मग कसे थांबतील?"

"मी आवाजाचं विचारत होतो, आई..."

"त्यांना काय ठाऊक?"

खाली गाडीच्या दाराचा खटका वाजला. मयूर कठड्याशी धावला. वैभव पार दूर नळाजवळ पाठमोरा उभा होता, हात धूत होता. गाडीचं मागचं दार उघडं होतं.

"आता माझं नाय ऐकायचे," आईने त्याचा शर्ट धरला. "तूच सांग. लवकर सांग."

मयूर कठड्यावरून वाकला. भर दुपारी, चाळीच्या गॅलरीतून, एका उघड्या दाराला तो म्हणाला, "बाबा... इतक्यात नको. थोडे दिवस द्या."

खाली काहीच हललं नाही. मग दार हळूच लागलं.

ते आतून ओढलं गेलं की बाहेरून लोटलं गेलं, हे त्याला वरून कळलं नाही. विचारायला तो आईकडे वळला. आई मात्र जिन्याकडे बघत होती, आणि तिने डोक्यावरून पदर घेतला होता.