बारावी ओळ

दार       अडलेलं
कॉफी     अर्धी सांडलेली
तुइरे      ठीक (असं ती म्हणते)

दार एकच, आणि घाई दोघांनाही. तुइरेच्या हातात कप, समोरच्याच्या हातात नव्या डिस्कचं खोकं... भुवयांवर ओला बर्फ.

"आधी तू," तो म्हणाला.

"आधी खोकं," ती म्हणाली.

तो ओस्मो. दक्षिणेतल्या तुर्कू शहराहून डिस्क बदलायला आलेला, चारच्या गाडीनं परत जाणारा. ती उत्तरेकडच्या ओउलू शहराच्या हिम-केंद्रातल्या साठवणयंत्राची राखणदार. यंत्राच्या पोटात आखातावरच्या बर्फाची चाळीस वर्षांची मोजणी. त्यातली नऊ वर्षं तिच्या हातची.

काल वीज गेली आणि अकरा डिस्क बंद पडल्या. आणखी एक गेली, तर मोजणी पुन्हा उभी राहणार नव्हती.

तुइरेनं यंत्राला हालहवाल विचारला. छत्तीस ओळी उतरल्या:

डिस्क ०१   ठीक
डिस्क ०२   बंद
डिस्क ०३   ठीक...

ओस्मो एकेक नाव पाहून एकेक आज्ञा टाइप करू लागला. दोन बोटांनी.

"असा तर तू वसंतापर्यंत बसशील."

"कॉफी चांगली असेल तर..." मान खालीच. कानाची पाळी लाल — थंडीनंच असेल.

तिनं कीबोर्ड ओढून घेतला. ऑक हे जुनं, चिमुकलं अवजार. ओळीमागून ओळ वाचतं, सांगाल ते उचलतं. तिनं एकाच ओळीत सांगितलं: जिथे 'बंद' दिसेल, तिथल्या डिस्कचं नाव घे, पुढे 'काढून टाक' जोड. ओस्मोनं हलकेच शीळ घातली. ती तिला आवडली... जरा जास्तच.

"चालव की. माझा विश्वास आहे."

"विश्वास नको. वाच."

हा तिचा नेम. अशा आज्ञा आधी नुसत्या पडद्यावर घ्यायच्या, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायच्या, मगच चालवायच्या. केंद्रातले सगळे या नेमाला हसत. ओस्मो हसला नाही. बोट ठेवून वाचू लागला, सावकाश, कुणाचं पत्र वाचावं तसा.

दहा.
अकरा.
बारा.

तो थांबला. "बंद तर अकराच ना?" तुइरेनं एकेक नाव मूळ यादीशी ताडलं.

डिस्क २९   ठीक   (१८ बंद, तिच्या जागी)

शेऱ्यातला, अठराव्या डिस्कबद्दलचा तो 'बंद' ऑकनं इमानानं उचलला होता. ही आज्ञा चालली असती, तर धडधाकट डिस्क निघाली असती, आणि तिच्याबरोबर चाळीस हिवाळे. चूक तुइरेची: बघायला हवा होता फक्त स्थितीचा रकाना, तिनं अख्खी ओळ बघायला लावली.

तिचे गाल तापले. तिनं ओळ सुधारली, त्यानं पुन्हा वाचली. अकरा. तिनं बटण दाबलं — ताठ मानेनं. मग त्यानं एकेक करून अकरा नव्या डिस्क बसवल्या.

केंद्रात चुका लिहायचा एक फळा होता. लोक तिथं बारीक अक्षरांत लिहीत, कोपऱ्यात. तुइरेनं मधोमध लिहिलं:

चूक     तुइरे
पकडली   ओस्मो

"माझं नाव कशाला?" तो म्हणाला. "चूक तुझी, ती पकडायची रीतही तुझीच. आपली चूक इतक्या अभिमानानं लिहिणारं माणूस मी पाहिलं नव्हतं... मी नुसते डोळे दिले."

"मग ते इथेच ठेवून जा."

त्यानं रिकामं खोकं उचललं. ओउलूत होकार कुणी झटकन देत नाही. ती थांबली. त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही.

"एकटे नाही राहायचे ते," ओस्मो रिकामं खोकं खाली ठेवत म्हणाला. "बाकीचा माणूसही लागेल सोबत."